कुंदाचं टेबल

त्या घरात मी डावा पाय होतो. शेजारच्या खैरनारबाई उजवा हात, माझी बायको सुधा डावा हात, निवृत्तीभाऊ उजवा पाय आणि विमलवहिनी डोकं. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत कित्येक वर्षं आम्ही याच नावांनी ओळखले जायचो. भाजीच्या गाडीशी मी दिसलो की खैरनारबाई गॅलरीतून ओरडायच्या, "अहो डावा पाय, मेथी कोवळी आहे का बघा," आणि भाजीवाली बिचारी वाकून माझ्या चपलेकडे बघायची. मी जन्मभर हौशी रंगभूमीवर कामं केली. हवालदार झालो, सरपंच झालो, एकदा ऐन वेळी नटी आली नाही म्हणून सासूसुद्धा झालो आणि टाळ्या घेतल्या. पण माझे सर्वांत जास्त प्रयोग झाले ते डाव्या पायाचे, आणि त्या भूमिकेत मला एकही वाक्य नव्हतं.

दीड महिन्यापूर्वी, कडाक्याच्या थंडीत, सकाळी निवृत्तीभाऊ आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. कानाला मफलर, हात मोकळे. एरवी या वेळेला ते फुलबाजारातून परततात आणि हातात उरलेल्या शेवंतीची पिशवी असते. "भाऊ, चला जरा. कुंदाला उचलायचंय," एवढंच म्हणाले. हे बोलावणं काही नवं नव्हतं. कुंदा आता चांगली अठरा-एकोणीस वर्षांची झाली होती, वहिनींच्या कमरेनं केव्हाच जवाब दिला होता, आणि आंघोळीला न्यायचं म्हटलं की मला हाक यायची. आदल्या आठवड्यातच ती दवाखान्यातून घरी आली होती. छातीत कफ भरला होता, चेहरा एवढासा झाला होता. तिला हसवायचं असं मी ठरवूनच निघालो. स्वेटर चढवून रस्ता ओलांडेपर्यंत आमच्या नव्या पोस्टमनचा आवाज माझ्या तोंडात तयार झाला होता... दारापाशी निवृत्तीभाऊंनी चपला काढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुधावहिनींना पण बोलवा. बाईंना मी सांगतो. पाची जण लागतील." तेव्हा मला कळलं. टेबलावरचा पाच जणांचा व्यायाम बंद होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. पाच जणांची गरज त्या घराला पुन्हा पडायचं आता एकच कारण उरलं होतं. पोस्टमन माझ्या घशातच राहिला.

निवृत्तीभाऊंची शेती त्र्यंबक रस्त्याला. झेंडू, शेवंती, हंगामात थोडा भाजीपाला. कुंदाचा जन्म तिथलाच. बाळंतपण अडलं, गाडी मिळायला उशीर झाला, आणि जन्मल्यावर रडायला पोरीनं फार वेळ लावला. पुढे तिनं ती कसर हसून भरून काढली, पण ते नंतर सांगतो. रडली नाही तेवढ्या वेळात मेंदूचं जे व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. हातपाय ताठ, मान धरेना, बोलणं नाही. शेती भावाच्या भरवशावर टाकून दोघं नवरा-बायको पोरीच्या उपचारासाठी आमच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायला आली, तेव्हा ती चार वर्षांची होती. म्हणजे नव्वदच्या दशकाचा मधला काळ. निवृत्तीभाऊ पहाटे शेतावर, तिथून फुलं घेऊन बाजारात, आणि नऊ-साडेनऊला घरी. मी सातपूरच्या एका कारखान्यात, बहुतेक दुसऱ्या पाळीला. सकाळी रिकामा. या रिकामपणानंच मला डावा पाय केलं.

वहिनी कुंदाला मुंबईच्या एका शिबिराला घेऊन गेल्या होत्या. तिथल्या सरांनी समजावलं की हिच्या मेंदूला रांगणं माहीतच नाही. आपण बाहेरून तिला पुन्हा पुन्हा रांगवत राहिलो तर तो शिकेल. रांगली की उभी राहील, उभी राहिली की चालेल. ऐकायला इतकं सरळ होतं की आम्हां सगळ्यांना ते पटलं. अट एकच, एका वेळी पाच माणसं हवीत. वहिनी गावाकडून नुकत्याच आलेल्या, गल्लीत कुणाशी फारशी ओळख नाही. पण हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यावं तशा त्या दारोदार फिरल्या. आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, आमच्या पोरीला चालवायचंय. एक पाय धरता का?" असं आमंत्रण मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. मी लगेच हो म्हटलं.

निवृत्तीभाऊंनी सुताराकडून टेबल करून घेतलं. लांबरुंद, कमरेइतकं उंच, वर फोम आणि चॉकलेटी रेक्झिन. पुढच्या खोलीत ते ठेवल्यावर दुसरं काही ठेवायला जागाच उरली नाही. पाहुणे आले तर ते ओट्यावर बसायचे. कुंदाला त्यावर पोटावर झोपवायचं. वहिनी तिचं डोकं उजवीकडे वळवणार, की उजवा हात आणि उजवा पाय वर ओढून घ्यायचा, डावे दोन्ही मागे सरळ करायचे. डोकं डावीकडे वळलं की सगळं उलट. वहिनी लय द्यायच्या. "इकडं... तिकडं... इकडं... तिकडं..." सकाळी, मग पुन्हा सकाळी, मग संध्याकाळी, मी कामावर गेलो की माझ्या जागी कुणी ना कुणी. पाचही जणांचं एका तालात जमायला हवं. एक जण चुकला की पोरीच्या अंगाला हिसका बसायचा. तिचा तो पाय मला अजून आठवतो. काठीसारखा ताठ, टाच वर ओढलेली, बोटं आत मुडपलेली. मी तो वाकवायचा प्रयत्न करायचो आणि तो माझ्याशी भांडायचा. पाच वर्षांच्या पोरीचा पाय आणि मी घोड्यासारखा माणूस, पण कितीदा तरी तोच जिंकायचा.

पहिल्याच आठवड्यात माझी हकालपट्टी होता होता राहिली. वातावरण फार गंभीर वाटलं म्हणून मी पाय धरल्या धरल्या खैरनारबाईंचा आवाज काढला. बाई मूळच्या सटाण्याकडच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं शुद्ध, पण राग आला की अहिराणी. मी नुसतं "कोन शे?", म्हणजे कोण आहे, म्हटलं आणि कुंदा हसली. म्हणजे कशी हसली! सगळं अंग फळीसारखं ताठ झालं, पाय माझ्या हातातून सुटला, डोकं मागे गेलं, सुधाच्या हनुवटीला कोपर लागलं. ताल मोडला. अशा मुलांचं असंच असतं, हसू आलं की सगळे स्नायू एकदम आवळतात, हे मला नंतर कळलं. वहिनी माझ्यावर चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "भावजी, ती हसली की ताठ होती. दोन तासांची मेहनत पाण्यात. तोंड बंद ठेवणार असाल तरच पाय धरा." त्या दिवसापासून टेबलाशी बोलणं बंद. बोलणं म्हणजे फक्त इकडं आणि तिकडं. माझ्यासारख्याला! सुधा म्हणायची की लग्नानंतर तिला मिळालेली एवढीच शांतता.

पण नटाचं तोंड बांधलं तरी हात मोकळे असतात. कुंदाचा अंगठा माझ्या मुठीत असायचा. एका सकाळी मी तो हळूच तीनदा दाबला. आणि आटोपल्यावर, वहिनी मागच्या दारी पाणी भरायला गेल्या तशी, तिला भिंतीशी उशांच्या आधारानं बसवून एक छोटा खेळ करून दाखवला. दुसऱ्या दिवशी परत तीनदा, परत खेळ. तिसऱ्या दिवशी अंगठा दाबला तर मुडपलेली बोटं माझ्या हातात घट्ट मिटली. पोरगी समजली होती. नाटकाची तिसरी घंटा झाली, आता पडदा उघडणार. तिच्या मेंदूला काही शिकवता येतं की नाही यावर ज्यांना बोलायचं त्यांनी बोलावं. तिसरी घंटा तिला तीन दिवसांत कळली. वहिनींना हे माहीत नव्हतं. खेळ चालतो हे त्यांना माहीत होतं, हसण्याचा आवाज मागच्या दारापर्यंत जायचाच, पण त्या कधी आत येऊन बघत उभ्या राहिल्या नाहीत. खेळ संपला की यायच्या आणि ताठलेले पाय चोळत बसायच्या.

तिचा आवडता खेळ गॅसवाल्याचा. खांद्यावर सिलिंडर घेऊन गॅसवाला खैरनारबाईंच्या दारात येतो, बेल वाजवतो. बाई न्हाणीत. आतून आवाज, "कोन शे?" हा म्हणतो, "गॅस." आतून, "दोन मिनिटं थांब रे भाऊ." हा सिलिंडर खाली ठेवत नाही, दोनच मिनिटांचा तर प्रश्न. पण बाईंची दोन मिनिटं काही संपत नाहीत, आणि गॅसवाला हळूहळू खचत जातो. आधी खांदा, मग कंबर, मग गुडघे... शेवटी तो जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि सिलिंडर डोक्यावर. दार उघडतं. बाई म्हणतात, "गॅस तं मी कालच लिधा ना." म्हणजे कालच घेऊन झालेला! सिलिंडर म्हणून मी तांदळाचा डबा घ्यायचो. गुडघे वाकायला लागले की कुंदाला दम धरवायचा नाही. खुद्द खैरनारबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "मेल्या, माझी गल्लीत अब्रू राहिली नाही."

वहिनींचं सगळं लक्ष एका गोष्टीवर होतं. गल्लीच्या टोकाला शाळा होती. कुंदा सहा वर्षांची झाल्यावर त्या तिला कडेवर घेऊन मुख्याध्यापिकांना भेटून आल्या. मुख्याध्यापिका गोड बोलल्या. म्हणाल्या, चालायला लागली की आणा, आम्ही लगेच घेऊ. दुसऱ्या कुणाला यातला नकार ऐकू आला असता. वहिनी त्याच पावली बाजारात गेल्या आणि निळा गणवेश घेऊन आल्या. टेबलासमोरच्या भिंतीवर खिळ्याला तो टांगला. कुंदाचं डोकं उजवीकडे वळलं की गणवेश दिसायचा, डावीकडे वळलं की सुधा. जून आला की वहिनी आधीचा गणवेश गावाकडे पुतणीला पाठवायच्या आणि एक माप मोठा आणून त्याच खिळ्याला लावायच्या. न वापरलेले, इस्त्रीची घडी न मोडलेले असे ते गणवेश वर्षामागून वर्ष मोठे होत गेले. इकडं, तिकडं, इकडं, तिकडं.

कुंदा दहा वर्षांची होत आली तेव्हा केतकी मॅडम यायला लागली. नवीनच शिकून आलेली फिजिओथेरपिस्ट, घरी जाऊन मुलांचे व्यायाम घेणारी, नाशिकरोडहून स्कूटीवर यायची. पहिल्या दिवशी तिनं टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. कुंदा जेवते कशी ते दाखवा म्हणाली. वहिनी पोरीला आडवी मांडीवर घेऊन भात भरवत होत्या. ठसका लागत होता, लागतच असायचा. मॅडम म्हणाली, असं भरवलं की अन्न छातीत उतरतं. आधी हिला नीट बसवायला शिकू, आधार देऊन, मान सरळ ठेवून. मग तिनं कुंदाच्या कमरेपाशी हात लावून बघितलं आणि डावा खुबा सांध्यातून सरकत चाललाय, एक्स-रेचा फोटो काढून घ्या, असं सांगितलं. वहिनींनी तेवढंच विचारलं, "बसवली तर ती बसूनच राहील. चालणार कधी?"

मॅडम तरुण होती, पण तिनं टाळाटाळ केली नाही. वहिनींच्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, "ती चालणार नाही, वहिनी. पण बसू शकेल. बसली तर खूप काही करेल."

वहिनींनी कुंदाचं तोंड पुसलं. म्हणाल्या, "उद्यापास्नं तुम्ही येऊ नका."

त्यानंतरचे महिने वाईट गेले. टेबल चालूच राहिलं, उलट जास्त वेळ. फोटोत खुबा सरकलेला दिसला तरी वहिनी म्हणाल्या, चालायला लागली की बसेल जागेवर. डावा पाय वर घेताना कुंदा आता ओरडायची. मी ओढायचं सोडून दिलं, नुसता हात फिरवल्यासारखा करायचो, आणि वहिनी म्हणायच्या, "भावजी, पूर्ण घ्या." अंगठा दाबला तरी बोटं मिटत नव्हती. आणि एका सकाळी, ताल चालू असताना, निवृत्तीभाऊंनी उजवा पाय हळूच खाली ठेवला. दोन पावलं मागे सरले. इतक्या वर्षांत या माणसानं टेबलाशी एक शब्द काढला नव्हता.

"विमल, मी नाय धरणार."

"चार जणांनी होत नाय. धरा."

"लय झालं. तिला दुखतंय."

वहिनींनी एकेकाकडे बघितलं. सुधाकडे, बाईंकडे, माझ्याकडे. गल्लीत माणसं काही कमी नव्हती, हाक मारली असती तर उजवा पाय धरायला कुणीही आलं असतं. वहिनी कुंदाचं डोकं दोन्ही हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या... मग त्यांनी ते हळूच रेक्झिनवर टेकवलं. त्यांनी कुणालाही हाक मारली नाही.

त्याच आठवड्यात निवृत्तीभाऊ मॅडमला पुन्हा घेऊन आले. तिच्या सांगण्यावरून सुतार आला. टेबलाचे पाय अर्ध्यावर कापायचे आणि फळीला कडेनं अर्धगोल काढायचा, म्हणजे कुंदा खुर्चीत बसून त्या खाचेत नीट मावेल, दोन्ही कोपरं टेबलावर टेकतील आणि धड सरळ राहील. करवत चालू होती तेवढा वेळ वहिनी ओट्यावर बसून होत्या, घराकडे पाठ करून. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे त्या वेळेसाठी एकही आवाज नाही. आत करवतीचा आवाज थांबला. वहिनी उठल्या, आत गेल्या, भुसा झाडून काढला. पुढच्या जूनमध्ये गणवेश आला नाही. खिळा राहिला.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण वाचणाऱ्याला सगळा अंधारच होता असं वाटेल. कुंदा खिडकीशी, आपल्या टेबलाच्या खाचेत बसायची. निवृत्तीभाऊ बाजारातून उरलेली शेवंती आणि झेंडू तिच्यापुढे ओतायचे. सुकलेलं फूल ती मुठीनं रेटत रेटत टेबलाच्या कडेवरून खाली पाडायची, चांगलं ठेवायची. एका फुलाला बराच वेळ लागायचा. घाई कुणाला होती? तिनं वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. एवढ्या भांडवलावर तिनं गल्लीतली निम्मी भांडणं सोडवली. खैरनारबाई तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या आणि मंत्र्यांची नावं आली की ती न चुकता डोळे मिटायची. गॅसवाला चालूच होता. आता मला तिच्यासमोर उजळ माथ्यानं करता यायचा, पण सुरुवात तशीच. आधी टेबलाखाली हात घालून अंगठा तीनदा दाबायचा. केतकी मॅडम आठवड्यातून येत राहिली. वहिनी तिच्याकडून एकेक गोष्ट शिकून घेत होत्या, बारकाईनं, मन लावून, पण तिच्याशी कामापुरतंच बोलत. आणि मी गॅसवाला करायला घेतला की अजूनही उठून आत जायच्या.

छाती मात्र आतून खराब होत होती. इतक्या वर्षांचे ठसके तिथेच साठले होते. दर थंडीत एक दवाखाना, मग दोन. या थंडीत...

तर त्या सकाळी आम्ही पाचही जण त्या खोलीत होतो. कुंदा कॉटवर होती, तिला खाली जमिनीवर घ्यायचं होतं. तिला जाऊन तासही झाला नव्हता. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. वहिनी डोक्याशी उभ्या राहिल्या. बाई उजव्या हाताशी, सुधा डाव्या, निवृत्तीभाऊ आणि मी पायांशी. इतक्या वर्षांनी आम्ही आपापल्या जागी गेलो होतो. मी पाय हातात घेतला आणि माझा तोल गेल्यासारखं झालं. पाय ढिला होता. गुडघा थोडा वाकलेलाच होता, तो तर आता सरळ होणारच नव्हता, पण आतलं ते भांडण संपलं होतं. मी नेईन तिकडे तो येत होता. ज्यासाठी आम्ही पाच जणांनी ती सगळी वर्षं घालवली, ते असं माझ्या हातात आलं. मी निवृत्तीभाऊंकडे बघितलं. त्यांनाही ते कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली. अंगठा माझ्या मुठीतच होता, सवयीनं. मी तो दाबला नाही. तिसरी घंटा दिली की खेळ करावा लागतो.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं म्हणून गेलो. निवृत्तीभाऊ शेतावर होते. टेबल खिडकीशी होतं तिथंच आहे. वहिनी त्याच्यावर शेवंती निवडत होत्या, पण खाचेच्या बाजूला खुर्ची रिकामी आणि त्या समोरून, वाकून. चहा झाला. मग फुलांवरची नजर न काढता म्हणाल्या, "भावजी, ते गॅसवाल्याचं करून दाखवा."

मला वाटलं, त्यांना बरं नाही.

"मी कधी बघितलंच नाय," वहिनी म्हणाल्या. "ती हसायला लागली की मी पाय बघायचे. मागच्या दारी असले तरी डोळ्यापुढं पायच. कसे ताठ होतात, किती वेळ चोळावं लागंल... तोंड कधी बघितलंच नाय. हसताना कशी दिसायची, मला आठवत नाय, भावजी. निदान कशाला हसायची ते तरी बघू द्या."

मी आत जाऊन तांदळाचा डबा आणला. सुरू करायच्या आधी माझा हात आपोआप टेबलाकडे गेला आणि मी खाचेच्या कडेवर तीनदा टिचकी मारली. त्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं. अंगठ्याचं, बोटं मिटायची त्याचं, सगळं. त्या फुलं बाजूला सारून, उठून कुंदाच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

मग मी केला गॅसवाला. बेल, "कोन शे?", दोन मिनिटं, सगळं. खांदा, कंबर, गुडघे. माझे गुडघे आता खरेच नीट वाकत नाहीत. खाली बसताना कळ आली, ती मी खेळात वापरली. डबा डोक्यावर घेऊन मांडी घातली, दार उघडलं, बाई म्हणाल्या, गॅस तं मी कालच लिधा ना. हसू कुठं यायला हवं ते मला पाठ आहे, तिथं मी सवयीनं थांबलो. वहिनी हसल्या नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, डोळे न मिटता, पहिल्या रांगेतला माणूस बघतो तसं.

"परत करा," म्हणाल्या.

मी टेबलाला धरून उठलो आणि कडेवर तीनदा टिचकी मारली.